बंदुकीचा भाग लालबुंद तापवून नक्षी कोरायची? अजिबात नाही

‘बंदुकीवर नक्षी कोरण्याआधी पोलाद कडक की नरम ते ओळखा, चार घरगुती युक्त्या’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. फिरेना का, म्हणून सोडून दिलं असतं. पण भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, गॅसची टॉर्च आहे माझ्याकडे, चालेल ना?’ पोरगा आत्ता कुठे कोरणी धरायला शिकतोय आणि समोर गिऱ्हाइकाची जुनी दुनळी बंदूक. म्हणून हे लिहिणं आलं.

पहिली युक्ती, ‘लोहचुंबक घट्ट चिकटला तर पोलाद नरम.’ घरातल्या कानशीला चुंबक लावून बघा. इतकी कडक वस्तू, तरी टचकन चिकटते. संपला विषय.

दुसरी ठिणग्यांची. ग्राइंडरवरच्या ठिणग्यांच्या फुलोऱ्यावरून पोलादात कार्बन किती असेल याचा अंदाज बांधता येतो, हे खरं. पण त्या पोलादाला पाणी दिलंय, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलंय, की नाही, हे ठिणग्या सांगत नाहीत. आणि ज्या पृष्ठभागावर नाजूक वेल कोरायची, तोच आधी ग्राइंडरला लावायचा? धन्य आहे.

तिसरी कानशीची. ‘कानस घसरली तर कडक, चावली तर बिनधास्त कोरा.’ यातलं पहिलं अर्धं मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. कानस घसरली तर तिथे कोरणी चालणार नाहीच. घोळ दुसऱ्या अर्ध्यात आहे. चांगली कानस रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर साधारण ६० ते ६५ असते. म्हणजे ५० चं पोलादही ती खाते. पण त्याच ५० वर हातकोरणीचं टोक दोन-चार रेघांत उडतं. हाताने सुखाने कोरायचं तर पोलाद चाळिशीच्या बरंच खाली हवं. नेमक्या ज्या पट्ट्यात अडचण येते, तिथेच ही परीक्षा ‘बिनधास्त’ म्हणून मोकळी होते.

मग रॉकवेल मशीनवरच तपासा, असं कुणी म्हणेल. तपासा, पण डोळे उघडे ठेवून. जुन्या बंदुकांच्या ॲक्शनला, म्हणजे नळ्यांच्या मागच्या बाजूला त्या मिटून बसतात त्या पोलादी भागाला, बहुधा केस हार्डनिंग असतं, म्हणजे वर कडक पातळ कवच आणि आत नरम गाभा. सी मापात हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबतात आणि एक अंक म्हणजे ०.००२ मिलिमीटर खोली. ६० ला खड्डा ०.०८ मिलिमीटर खोल जातो. आयएसओ ६५०८ हे मानक सांगतं की शंकूने तपासताना जाडी खड्ड्याच्या खोलीच्या किमान दहापट हवी, म्हणजे इथे ०.८ मिलिमीटर. कवच त्याहून पातळ असेल तर शंकूखाली नरम गाभा दबतो आणि आकडा खोटा कमी येतो. तुम्ही खूश, कोरणीचं टोक गेलं. अशा वेळी सुपरफिशियल रॉकवेल किंवा व्हिकर्स ही कमी भाराची चाचणी लागते, तीही लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, कारण खड्डा राहतोच.

आता चौथी, जिच्यामुळे मी चिडलोय. ‘कडक निघालं तर लाल करा, राखेत पुरा, नक्षी कोरा, पुन्हा लाल करून तेलात बुडवा, पूर्ववत होतं.’ पूर्ववत कसलं डोंबल! पोलादाची आतली रचना बदलायला ७२७ अंशांच्या वर जावं लागतं. दुनळीच्या नळ्यांमधली पट्टी अनेकदा कथिल-शिशाच्या डाखाने बसवलेली असते आणि तो डाख १८३ अंशांनाच वितळू लागतो. टॉर्चची आच जवळ गेली तरी पट्टी सुटते. लाल झालेल्या भागावर पापुद्रा धरतो, वरचा कार्बन जळतो, भाग वाकतो. मग नळ्या आणि ॲक्शन यांचा मेळ केसभर चुकला तरी बंदूक नीट मिटत नाही. तेलाचं म्हणाल तर कमी कार्बनचं पोलाद नुसत्या तेलात बुडवून कडक होत नाही. मिश्रधातूचं असेल तर होतं, पण नंतर टेंपर केलं नाही, म्हणजे पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवला नाही, तर ठिसूळ राहतं, आणि टेंपरचा मेसेजमध्ये एक शब्द नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये १८१३ पासून जास्त दाबाची काडतुसं उडवून बंदुका तपासतात आणि मगच शिक्का मारतात. तो शिक्का तापवण्याआधीच्या पोलादाचा. तापवल्यावर त्याला अर्थ राहत नाही, आणि ती बंदूक खांद्याला लावणाऱ्याचा गाल ॲक्शनपासून वीतभर अंतरावर असतो.

तर बाबा, टॉर्च बंद. आधी बंदूक कुणाच्या बनावटीची, कधीची आणि केस हार्डन केलेली आहे का, हे शोध. मग झाकल्या जाणाऱ्या जागी कानशीच्या कोपऱ्याने हलकेच बघ, आणि तिथेच कोरणीची एक बारीक रेघ ओढ. कात्रण वळून आलं तर ठीक. टोक घसरलं किंवा तुटलं तर हात थांबव आणि गिऱ्हाइकाला सांग की हे काम आधी भट्टी असलेल्या बंदूक-कारागिराचं. नरम करणं, नंतर पुन्हा कवच चढवणं आणि लागेल तिथे प्रूफ करून घेणं त्याच्याकडे. मधली नक्षी तुझी. कवच फार कडक नसेल तर कार्बाइडच्या कोरणीने जमतंही, फक्त टोकाचा कोन थोडा बोथट ठेव आणि धार लावायचा दगड हाताशी असू दे.