आठ लाख मतदार आणि शून्य मतं

मामांनी तो मेसेज पहिल्यांदा पाठवला तेव्हा मी अंगठा टाकून मोकळी झाले. दुसऱ्यांदा आला तेव्हा उघडलाच नाही. तिसऱ्यांदा आला तो सांगलीहून नव्हे, इथून, न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या बेलरोजहून, माझ्या मावसबहिणीच्या यजमानांकडून. सोबत एक फोटो. ओट्यावर पसरलेला न्यूयॉर्क राज्याचा मतदार नोंदणीचा फॉर्म, निळ्या बॉलपेनने अर्धा भरलेला, उडू नये म्हणून कोपऱ्यावर हळदीची डबी. खाली प्रश्न: "आपल्यालाही चालतं म्हणे आता. पाठवू का?"

भाऊजींकडे ग्रीन कार्ड आहे. अमेरिकेचं नागरिकत्व नाही. फोटो पाहून माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगते. आधी तो मेसेज, कारण तुमच्याही ग्रुपवर तो आला असेलच:

"न्यूयॉर्क सिटी कौन्सिलचे कटू सत्य!! कौन्सिलने कायदा करून ८ लाख परदेशी घुसखोरांना मतदानाचा हक्क दिला. त्यांच्याच मतांवर २०२५ ला कौन्सिल आणि महापौर निवडून आले. ग्रीन कार्ड, वर्क परमिट काहीही चालते. ओळखपत्र मागत नाहीत. एका माणसाला ५ मते. मतपत्रिका बंगालीत. २०२१ साली १,३५,००० बोगस मते सापडली, प्रकरण दाबले. कौन्सिलचे बजेट महाराष्ट्रापेक्षा मोठे, म्हणून हा डाव. जागे व्हा, पुढचा नंबर मुंबईचा."

सुरुवात आठ लाखांपासूनच करू, कारण सगळं विष तिथे आहे.

कायदा झाला होता, हे खरं. ९ डिसेंबर २०२१ रोजी कौन्सिलने, म्हणजे शहराच्या नगरसेवकांच्या सभागृहाने, तो ३३ विरुद्ध १४ मतांनी मंजूर केला. महापौरांनी सही केली नाही आणि नाकारलाही नाही, त्यामुळे महिन्याभराने, ९ जानेवारी २०२२ ला, तो आपोआप कायदा झाला. ग्रीन कार्ड किंवा काम करण्याचा परवाना असलेल्या आणि शहरात किमान तीस दिवस राहिलेल्या माणसाला फक्त शहराच्या निवडणुकीत मत देता येईल, असं त्यात होतं. म्हणजे महापौर, कौन्सिल आणि शहरातली आणखी दोनचार पदं. राष्ट्राध्यक्ष नाही, गव्हर्नर नाही, सिनेट नाही. असे लोक आठ लाखांच्या घरात आहेत, असा तेव्हाचा अंदाज होता. मेसेजमधला आकडा तिथून उचललाय.

यात घुसखोर कुठे आले? कायद्याला कागदपत्रं असलेलेच लोक हवे होते. एच-वन-बी व्हिसावर मॅनहॅटनमध्ये बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणारा मामांचा सख्खा पुतण्या त्या आठ लाखांत मोडत होता! मामांनी घरच्याच पोराला घुसखोर म्हणून तीन ग्रुपांवर फिरवलं.

आणि ही आठ लाख माणसं मत देऊन आली कधी? कायदा जानेवारी २०२३ पासून अमलात यायचा होता. त्याआधीच, जून २०२२ मध्ये, शहरातल्याच स्टेटन आयलंडच्या न्यायाधीशांनी तो रद्द केला. अपील झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही रद्दच ठरवला. कौन्सिल हटली नाही, शेवटच्या पायरीपर्यंत गेली. २० मार्च २०२५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध १ असा निकाल देऊन तो कायमचा मोडीत काढला. (हे न्यायालय म्हणजे 'कोर्ट ऑफ अपील्स'. न्यूयॉर्क राज्यात 'सुप्रीम कोर्ट' हे खालच्या कोर्टाचं नाव आहे, तेव्हा मेसेजात 'सुप्रीम कोर्टाने सांगितले' असं दिसलं की जरा थांबा.) खटल्याचं नाव फोसेला विरुद्ध ॲडम्स. दुसरं काही वाचू नका, हा एक निकाल वाचा. मुख्य न्यायाधीश रोवन विल्सन यांनी लिहिलाय. मुद्दा सरळ आहे: राज्याच्या घटनेने मताचा हक्क नागरिकाला दिलाय आणि ती रेघ ओलांडायची मुभा शहराला नाही. २०२५ ची पक्षांतर्गत निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी, झाली २४ जूनला आणि मुख्य निवडणूक ४ नोव्हेंबरला. दोन्ही या निकालानंतर. त्याआधीची कौन्सिलची निवडणूक २०२३ ची, तेव्हाही कायदा रद्दच होता. या कायद्याखाली आजवर एकही मत पडलेलं नाही. आठ लाख सोडा, आठसुद्धा नाही.

मामा म्हणतील, पण त्यांना द्यायचं तर होतंच ना? होतं. नाकारत नाही. शहरात पूर्वी शाळांच्या स्थानिक मंडळांसाठी नागरिक नसलेले पालकही मत देत असत, २००२ पर्यंत, ती मंडळं बरखास्त होईतो. आजही राजधानी वॉशिंग्टनमध्ये आणि मेरीलंडमधल्या काही गावांत स्थानिक निवडणुकीत असं मतदान चालतं. त्यावर वाद घाला, विरोध करा, तुमचा हक्क आहे. पण न्यूयॉर्कमध्ये ते घडलंय असं सांगू नका. कारण मग भाऊजी फॉर्म भरतात.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? त्यापुढे छापलेलं असतं की उत्तर 'नाही' असेल तर नोंदणी करता येणार नाही. भाऊजींनी बाकी सगळं भरलं होतं, नाव, पत्ता, जन्मतारीख, फक्त ही चौकट कोरी ठेवली होती. म्हणाले, "फॉर्म जुना असेल, कायदा नवा आहे ना." माणूस अडाणी नाही, केमिकल इंजिनीयर आहे. पण मेसेज घरातल्या मोठ्या माणसाकडून आलेला, त्यात आकडे, त्यात साल. विश्वास बसतो.

त्या चौकटीत 'हो' वर खूण करून खाली सही केली असती, तर ते नागरिक असल्याचं खोटं प्रतिज्ञापत्र. फॉर्मवरच शिक्षा छापलेली आहे: पाच हजार डॉलरपर्यंत दंड, चार वर्षांपर्यंत तुरुंग. ते परवडलं म्हणायची वेळ येते, कारण खरा फटका इमिग्रेशनचा असतो. नागरिक असल्याचा खोटा दावा केला की ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येतं आणि परत यायची वाट जवळपास कायमची बंद होते. 'मला माहीत नव्हतं, मामांनी पाठवलं होतं' हा बचाव तिथे कुणी ऐकून घेत नाही. पुढे नागरिकत्वाचा अर्ज भरताना थेट विचारतात की तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का, कधी मत दिलंय का. तिथे खरं सांगा तर अडकलात, खोटं सांगा तर दुप्पट अडकलात. ताईची दोन पोरं इथल्या शाळेत आहेत. घराचे हप्ते चालू आहेत. आणि हे सगळं 'जागे व्हा' म्हणणाऱ्या एका मेसेजपायी.

बाकीचे मुद्दे उभ्याउभ्या.

ओळखपत्र. इथे मामा निम्मे बरोबर आहेत. न्यूयॉर्कमध्ये बहुतेक मतदारांकडे केंद्रावर फोटोचं कार्ड मागत नाहीत. मलाही पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं, हातात पासपोर्ट घट्ट धरून गेले होते आणि कुणी बघितलाही नाही. पण नाव नोंदवतानाच वाहन परवान्याचा नंबर नाहीतर सोशल सिक्युरिटी या सरकारी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घेतात. तो नंबर न देता टपालाने नाव नोंदवलेल्याला पहिल्या मतदानाला ओळखपत्र दाखवावं लागतं. आणि केंद्रावर टॅबलेटवर सही करावी लागते, ती नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून बघतात. मामा, तुम्ही तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर नमुना सही बघून पैसे दिलेत. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बँकेत काय, कुणीही येतो आणि पैसे घेऊन जातो. फोटो ओळखपत्र असावं असं कुणाचं मत असेल तर माझी हरकत नाही. पण 'मागत नाहीत' म्हणजे 'कुणीही या' नव्हे.

एका माणसाला पाच मतं. हे वाचून मात्र मी मोठ्याने हसले, कारण हे लिहिणारा नाही तरी पाठवणारा पुणे पदवीधर मतदारसंघाचा मतदार आहे. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने १, २, ३ लिहून आलाय, आणि मग दोन दिवस टीव्हीसमोर बसून 'दुसऱ्या पसंतीची मतं' मोजत होता. तेच आहे हे! २०१९ च्या सार्वमतात शहराच्या मतदारांनीच ही पद्धत भरघोस मतांनी स्वीकारली. पक्षांतर्गत निवडणुकीत आणि पोटनिवडणुकीत पाचपर्यंत पसंती देता येते. आपला एक नंबरवाला बाद झाला की मत दोन नंबरवाल्याकडे सरकतं. एका वेळी ते एकाच्याच खात्यात असतं. उलट, २०२१ च्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत शेवटच्या फेरीपर्यंत जवळजवळ एक लाख चाळीस हजार मतपत्रिका संपून गेल्या होत्या, कारण त्यांवर लिहिलेले सगळेच बाद झाले होते. त्यांना पाच सोडा, शेवटी एकही मत उरलं नाही. या पद्धतीवर टीका करायचीच तर ती इथे करा. आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत, जिचा उल्लेख मेसेजात आहे, ही भानगडच नसते. तिथे एका पदासाठी एकच गोल काळा करायचा.

१,३५,००० बोगस मतं. आकडा बरोबर. लाज वाटावी असा प्रकार होता, यातही दुमत नाही. २९ जून २०२१ ला शहराच्या निवडणूक मंडळाने त्याच पक्षांतर्गत निवडणुकीची फेरीनिहाय मोजणी जाहीर केली, आणि संगणकाच्या चाचणीसाठी भरलेल्या सुमारे १,३५,००० नकली मतपत्रिका पुसायच्या राहून गेल्या होत्या. एकूण आकडा फुगलेला दिसताच उमेदवार एरिक ॲडम्स यांच्या गोटाने विचारलं, हे कुठून आलं? त्याच दिवशी मोजणी मागे घेतली, दुसऱ्या दिवशी नवी दिली. दाबलं कसलं, सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर होतं. त्या चाचणीच्या कागदांना माणूस नव्हता, पत्ता नव्हता, आणि अंतिम निकालात त्यांतला एकही नव्हता. ॲडम्स शेवटी ७,१९७ मतांनी जिंकले. हे मंडळ गबाळं आहे, हे मी आनंदाने कबूल करते. २०२० मध्ये ब्रुकलिनच्या सुमारे एक लाख लोकांना टपाली मताची पाकिटं दुसऱ्याच्याच नावाची गेली होती. पण कारस्थानी? मंडळावर दहा जण असतात, पाच डेमोक्रॅट आणि पाच रिपब्लिकन. इतक्यांना मिळून कारस्थान करायला आधी वेळेवर पाकिटं पाठवता यायला हवीत.

बंगाली. ही माझी आवडती. माझ्या मतदान केंद्रावर, शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळ्याखाली पाच भाषांतल्या पाट्या असतात: इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, कोरियन आणि बंगाली. मेसेजवाल्याच्या डोळ्यांसमोर लगेच बांगलादेश आला. प्रत्यक्षात अमेरिकेच्या मतदान हक्क कायद्यात एक कलम आहे: एखाद्या भाषिक गटाचे, इंग्रजी कच्चं असलेले, मतदानाच्या वयाचे नागरिक एका जिल्ह्यात दहा हजारांवर गेले की त्यांच्या भाषेत सोय करावी लागते. नागरिक, हा शब्द पुन्हा वाचा. २०११ मध्ये जनगणना विभागाने क्वीन्समध्ये असा गट जाहीर केला तो 'आशियाई भारतीय' या नावाने. म्हणजे आपण! त्यासाठी बंगाली ठरली, आणि २०१३ पासून ती मतपत्रिकेवर आहे. इंग्रजी न येणाऱ्या भारतीय आजीआजोबांच्या मोजदादीतून आलेली भाषा आता भारतीयांनाच घाबरवायला वापरतात.

बजेट. हो, मोठं आहे. २०२५-२६ चं शहराचं बजेट ११६ अब्ज डॉलरच्या आसपास, महाराष्ट्राचं सात लाख कोटी रुपयांच्या आसपास. गुणाकार केला, शहर पुढे जातं. मेसेजातलं हे एकमेव वाक्य ज्याचा पूर्वार्ध निखळ खरा आहे. मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक, इथे सगळे मिळून ५१, तेव्हा एकेकाचं वजन किती ते बघा. पण त्यावरून 'डाव' कसा सिद्ध होतो, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आणि हो, परदेशात जन्मलेले लोक कौन्सिलवर आहेतच. इना व्हर्निकोव्ह युक्रेनमध्ये जन्मल्या, नागरिक झाल्या, निवडून आल्या. रिपब्लिकन पक्षाच्या आहेत. महापौर ममदानी युगांडातल्या कंपालात जन्मले, २०१८ मध्ये नागरिक झाले. क्रम दोघांचाही तोच: आधी नागरिकत्व, मग मत, मग उमेदवारी.

भाऊजींना मी त्या रात्री फोनवर एवढंच म्हटलं की फॉर्म फाडा, आणि फाडताना ताईला समोर बसवा. त्यांनी फाडला.

मामा, 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची मुदत एव्हाना गेली असेल. मग त्याच तीन ग्रुपांवर, त्याच मेसेजच्या खाली, एक ओळ टाका: ग्रीन कार्ड किंवा व्हिसावाल्यांनी अमेरिकेत मतदार नोंदणीचा फॉर्म भरू नये. बाकी माझं काही टाकलं नाहीत तरी चालेल. पण आज टाका. तुमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांचा धाकटा त्यातल्या एका ग्रुपवर आहे, त्याचं कार्ड गेल्याच महिन्यात आलंय, आणि मेसेजला त्याने बदामाचं चिन्ह दिलंय.