अग्यारीत अंत्यसंस्कार होत नाहीत : एक खुलासा
अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, त्यांच्या मृतदेहांचे दहन होते व म्हणूनच इतरांना आत सोडत नाहीत, असा मजकूर सध्या सोलापुरातील काही व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो साफ चुकीचा आहे. अग्नीला मृतदेहाचा स्पर्श परंपरेने निषिद्धच. इतकेच नव्हे, तर पारशी परंपरेतील दिवसाच्या पाचही प्रहरी अग्नीला चंदन अर्पण करणारा मोबेद (पारशी पुरोहित) आपला श्वासही अग्नीला लागू नये म्हणून तोंडावर पदान हे पांढरे कापड बांधतो. गैरसमजाचे मूळ बहुधा आतश बेहरामच्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या पवित्र अग्नीच्या, स्थापनाविधीत असावे, कारण त्यासाठी जमवलेल्या १६ अग्नींत आकाशातून पडलेल्या विजेच्या अग्नीबरोबर चितेचाही अग्नी असतो, मात्र तो वारंवार शुद्ध करूनच घेतात. भारतात असे ८ आतश बेहराम असून सर्वांत जुना गुजरातमधील उदवाड्याचा. प्रवेशबंदीचे कारण शुद्धतेचे नियम आहेत. एरवी नवजोत (मुलांचा धर्मदीक्षेचा विधी) व लग्नाच्या जेवणाला परधर्मीय स्नेह्यांनाही आग्रहाचे आमंत्रण असते.