एजंटला नावं ठेवण्याआधी टूलचं वर्णन वाचा

एआय एजंटने (म्हणजे नुसतं बोलण्याऐवजी आपल्यासाठी कामं करणाऱ्या भाषा-मॉडेलने) मेसेज भलत्याच चॅनेलवर टाकला की सगळे मॉडेलच्या नावाने खडे फोडतात. टूलचं, म्हणजे मॉडेलला वापरायला दिलेल्या फंक्शनचं, वर्णन उघडून बघावं तर तिथे एकच ओळ: ‘स्लॅकवर (ऑफिसातल्या चॅट ॲपवर) मेसेज पाठवतं.’ झालं! अहो, मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्स. एमसीपी (मॉडेलला टूल्स जोडण्याची एक ठरलेली पद्धत) वापरा नाहीतर थेट फंक्शन कॉलिंग करा, एवढ्यावरच त्याने निभावून न्यायचं असतं. माझ्या मते मेसेजिंगच्या टूलमध्ये सिस्टीम प्रॉम्प्टपेक्षा (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांपेक्षा) वर्णनावर जास्त घाम गाळावा. मेसेज मागाहून डिलीट होतो, पण नोटिफिकेशन तोवर सगळ्यांच्या मोबाइलवर वाजलेलं असतं.

पहिला घोळ आयडीचा. स्लॅकमध्ये चॅनेलचा आयडी सहसा ‘सी’ने सुरू होतो, डायरेक्ट मेसेजचा ‘डी’ने, माणसाचा ‘यू’ने किंवा ‘डब्ल्यू’ने. पॅरामीटरचं नाव नुसतं ‘चॅनेल’ ठेवलंत तर मॉडेल तिथे ‘#जनरल’ही भरेल आणि माणसाचा आयडीही भरेल. गंमत अशी की माणसाचा आयडी स्लॅक चालवून घेतं आणि मेसेज त्या माणसाला खाजगीत जातो. एरर नाही, काही नाही. म्हणून नाव ‘चॅनेल_आयडी’ ठेवा आणि आयडी कुठून आणायचा तेही लिहा: ‘आधी चॅनेल शोधण्याचं टूल वापर. एकाच धाटणीची दोन नावं सापडली तर वापरणाऱ्याला विचार, अंदाज बांधू नको.’

दुसरा घोळ थ्रेडचा, म्हणजे एका मेसेजखाली लागणाऱ्या उत्तरांच्या साखळीचा, आणि तो जास्त चिवट. स्लॅकमध्ये मेसेजची ओळख म्हणजे त्याचा ‘टीएस’, उदाहरणार्थ १७१२३४५६७८.१२३४५०. दिसतो आकड्यासारखा, पण तो मजकूर म्हणूनच हाताळायचा. स्कीमामध्ये (पॅरामीटर्सचे प्रकार लिहितात तिथे) ‘नंबर’ लिहिलंत की शेवटचं शून्य गळून पडतं आणि तो मेसेज मग सापडत नाही. शिवाय थ्रेडमध्ये उत्तर द्यायचं तर मूळ मेसेजचा टीएस लागतो, मधल्या एखाद्या उत्तराचा नाही. एजंटने नुकतंच ते मधलं उत्तर वाचलेलं असतं, त्यामुळे तो हमखास तेच उचलतो.

मी वर्णन साधारण असं लिहितो:

‘एका स्लॅक चॅनेलवर लगेच मेसेज पाठवतं. वापरणाऱ्याने पाठवायला स्पष्ट सांगितलं असेल तरच वापर. मसुदा मागितला असेल तर वापरू नको. थ्रेड_टीएस दिला तर मेसेज त्या थ्रेडमध्ये जातो, नाही दिला तर चॅनेलवर सगळ्यांना दिसतो. ठळक अक्षरांसाठी दोन्ही बाजूंना एकेकच तारा (*). अख्ख्या चॅनेलला मेन्शन करू नको. परत मिळतं: पाठवलेल्या मेसेजचा टीएस आणि लिंक.’

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ‘वापरू नको’वालं आहे, आणि नेमकं तेच लोक गाळतात. एक तारा, दोन तारे हे फुटकळ वाटेल, पण मॉडेलला मार्कडाउनची, म्हणजे दोन-दोन तारे लावून अक्षरं ठळक करायच्या पद्धतीची, सवय असते आणि मग साहेबांच्या स्क्रीनवर ताऱ्यांचा सडा पडतो.

एररचा मजकूर हाही वर्णनाचाच भाग समजा. स्लॅकचं एपीआय (तुमचा कोड स्लॅकशी ज्यातून बोलतो ते) बऱ्याचदा एचटीटीपी २००, म्हणजे ‘सगळं ठीक’चा कोड, देऊन आत ‘ओके: फॉल्स’ म्हणतं. तुमच्या कोडने नुसतं २०० बघितलं तर एजंट ‘पाठवला’ म्हणून मोकळा. खाजगी चॅनेलमध्ये बॉट नसेल तर ‘चॅनेल_नॉट_फाउंड’ येतं, आणि एजंट स्पेलिंग बदलबदलून प्रयत्न करत बसतो. त्याऐवजी परत द्या: ‘चॅनेल नाही किंवा बॉट त्यात नाही. पुन्हा प्रयत्न करू नको. बॉटला चॅनेलमध्ये घ्यायला सांग.’ टाइमआउटचंही, म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही त्याचंही, तसंच. आधी चॅनेलचे शेवटचे मेसेज वाच, मगच पुन्हा पाठव, हे लिहिलं नाहीत तर एकच निरोप दोनदा जाणार.

प्रत्येक ॲपची मर्यादा वेगळी, तीही वर्णनात हवी. टेलिग्रामवर एका मेसेजला ४०९६ अक्षरं आणि बॉट स्वतःहून कोणाशी बोलणं सुरू करू शकत नाही. डिस्कॉर्डवर बॉटला २००० अक्षरं. व्हॉट्सॲप बिझनेसवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास उलटले की फक्त मंजूर टेम्प्लेट जातं. त्यासाठी साध्या मेसेजचं आणि टेम्प्लेटचं अशी दोन वेगळी टूल्स करा, एकात कोंबू नका.

शेड्यूल करण्याच्या टूलमध्ये युनिक्स सेकंद (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद) मॉडेलकडून मागू नका. ‘उद्या सकाळी साडेनऊ’चे सेकंद काढताना आपला साडेपाच तासांचा फरक हमखास चुकतो. तारीख-वेळ ‘+०५:३०’सकट घ्या आणि हिशेब कोडमध्ये करा.

आणि ते ‘अत्यंत महत्त्वाचं!!! काळजीपूर्वक वापर’ काढून टाका. त्यातून मॉडेलला काहीच कळत नाही. खरोखर धोका असेल तर पाठवण्याआधी माणसाची परवानगी कोडमध्येच घ्या. वर्णन म्हणजे कुलूप नव्हे.

वर्णन झालं की मुद्दाम मोघम वाक्यांवर चालवून बघा: ‘टीमला कळव’, ‘त्याला हो म्हण’, ‘कालच्या मेसेजला उत्तर दे’. प्रत्येक वेळी कोणतं टूल उचललं आणि कोणता आयडी भरला तेवढंच बघा. ‘टीमला कळव’वर काही न विचारता सरळ पाठवून मोकळं झालं, तर चॅनेल_आयडीचं वर्णन पुन्हा लिहायला घ्या.