रस्ट असतं तर क्राउडस्ट्राइक झालंच नसतं?

दावा असा फिरतोय: १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर झोपवले ते निव्वळ सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेमुळे. मेमरीच्या चुका रोखणारी रस्ट ही भाषा असती तर हे झालंच नसतं. कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, कडक असला की मोठे अपघात टळतात. आणि सुरक्षेच्या ७० टक्के चुका मेमरीच्या (भलत्या जागी वाचण्या-लिहिण्याच्या) असल्याने भाषा बदलली की ७० टक्के काम फत्ते.

आधी सी प्लस प्लस. कंपनीच्याच अहवालानुसार धोके ओळखायच्या नियमांच्या टेम्प्लेटमध्ये २१ फील्ड ठरवली होती आणि कोड पुरवत होता २०. यादीत नसलेलं एकविसावं वाचायला गेल्यावर अ‍ॅरेच्या बाहेर पाय पडला. रस्टने तिथे अडवलं असतं, मान्य. पण अडवून पुढे काय? साध्या इंडेक्सिंगला (क्रमांकाने थेट वाचायला) पॅनिक होतो, म्हणजे प्रोग्राम स्वतःच थांबतो, आणि कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, पॅनिक झाला की मशीन थांबवणं हाच नेहमीचा मार्ग. म्हणजे निळा स्क्रीन तिथेही. 'फील्ड नसेल तर सोडून दे' हे प्रोग्रामरनेच लिहायला हवं, आणि ते सी प्लस प्लसमध्येही लिहिता आलं असतं. चाचण्यांत एकविसाव्या फील्डला 'काहीही चालेल' असा वाइल्डकार्ड दिला होता, त्यामुळे ते कधी तपासलंच गेलं नाही. वर अपडेटची फाइल टप्प्याटप्प्याने न सोडता सरसकट सगळीकडे गेली. ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर पडलेले कॉम्प्युटर लोकांना सेफ मोडमध्ये जाऊन, फाइल पुसून उठवावे लागले.

'रस्ट असतं तर' याचं उत्तर १८ नोव्हेंबर २०२५ ला मिळालं. असंख्य साइट्सची रहदारी सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरमध्ये डेटाबेसच्या परवानग्या बदलल्या, क्वेरीत त्याच ओळी दोनदा येऊ लागल्या आणि बॉट ओळखणारी फाइल दुप्पट फुगली. ती रहदारी पुढे पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये (प्रॉक्सीत) मर्यादा २०० फीचर्सची, म्हणजे बॉट ओळखायच्या खुणांची. ती ओलांडल्यावर एरर आली, पण तिच्यावर 'अनरॅप' लावलेला, म्हणजे 'इथे चूक येणारच नाही' अशी लेखी हमी. पॅनिक झाला आणि जगभरच्या साइट्स ५०० च्या एरर दाखवू लागल्या. हा कोड रस्टचाच होता आणि मेमरीचा एक बाइटही बिघडला नव्हता. गंमत म्हणजे जुन्या प्रॉक्सीवरचे ग्राहक चालू राहिले, फक्त त्यांच्या साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला बॉट-स्कोअर शून्य मिळाला.

कडक कंपायलर म्हणाल, तर एडा या भाषेचा कडकपणासाठीच प्रसिद्ध. ४ जून १९९६ ला एरियान ५ चं पहिलंच रॉकेट ४० सेकंदांच्या आत फुटलं, त्यातला कोड एडाचा. ६४ बिटी दशांश संख्या १६ बिटी पूर्णांकात कोंबताना मावली नाही. चूक पकडली गेली, पण ती तिथेच सांभाळणारा कोड नव्हता, त्यामुळे रॉकेटची दिशा मोजणारी यंत्रणाच बंद पडली. अशा ७ चलांपैकी (बदलत्या आकड्यांपैकी) ४ ना संरक्षण होतं, ३ मुद्दाम मोकळे सोडले होते, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. एरियान ४ च्या मार्गावर तो आकडा एवढा वाढणारच नव्हता, त्यामुळे तिथे हे खपून गेलं. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे ती आधीच त्याच कारणाने बंद पडली होती. आणि हे गणित उड्डाणानंतर एरियान ५ ला लागतच नव्हतं!

राहिला ७० टक्क्यांचा आकडा. तो मायक्रोसॉफ्टचा आहे, खरा आहे. पण तो त्यांच्या सुरक्षा-त्रुटींमधला वाटा आहे, सगळ्या अपघातांमधला नव्हे. भाषेने काहीच फरक पडत नाही म्हणणारेही चूकच: अँड्रॉइडमध्ये नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायला लागल्यावर मेमरीच्या त्रुटींचा वाटा २०१९ च्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ वर आला. २०१४ चं हार्टब्लीड, म्हणजे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतली मेमरी बाहेर फोडणारी त्रुटी, हीही अशा भाषेत टळली असती. २०२१ चं लॉगफोरशेल, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या एका लायब्ररीतली त्रुटी, मात्र मेमरी-सुरक्षित जावामध्येच झालं. आणि २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-व्यवहार कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, जुना जागा झाला आणि ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून जास्त गेले. ते कुठला कंपायलर पकडणार?

रस्ट जरूर वापरा. फक्त क्लिपी या रस्टच्या कोड-तपासनिसातला अनरॅप पकडणारा नियम आपणहून चालू करा. मुळात तो बंद असतो.