लांबी × रुंदी × उंची × ५? रेडिएटर असा ठरत नाही

थंडी तोंडावर आली की इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तोच निरोप फिरू लागतो: खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणाकाराला ५ ने गुणा आणि तेवढ्या बीटीयूचा (तासाला किती उष्णता मिळते याचं माप) रेडिएटर, म्हणजे आत गरम पाणी खेळवून खोली तापवणारं पॅनल, आणा. शेपटाला दोन सूचना असतात. खोक्यावरचा आकडा बघून घ्या. आणि मोठा घेऊ नका, गॅसचं बिल वाढेल.

आधी गुणाकार. जेवायला किती जण आहेत हे न विचारता स्वयंपाकघर मोजून कणीक मळावी, तसा हा प्रकार. उष्णता जाते ती भिंतींतून, काचेतून, फटींतून; सूत्रात यातलं काहीच नाही.

४ मीटर लांब, ३.५ रुंद, २.४ उंच खोली घ्या. सूत्र म्हणतं सुमारे ५,९०० बीटीयू, म्हणजे १,७४० वॅट. ती व्हिक्टोरियन घराच्या कोपऱ्यात असेल, तर दोन भिंती बाहेरच्या, नऊ इंची भरीव विटांच्या, आणि दोन चौरस मीटरची एकेरी काचेची खिडकी. (तिथलं छत बहुधा आणखी उंच असतं, ते सोडून देऊ.) अशा भिंतीच्या दर चौरस मीटरमधून तापमानाच्या एका अंशाच्या फरकाला सुमारे २.१ वॅट जातात, काचेतून ४.८. तासाला दीड वेळा हवा बदलते, वर-खाली उबदार खोल्या आहेत, आत २१ अंश आणि बाहेर उणे २ असं धरलं, तर लागतात साधारण १,३७५ वॅट. तीच खोली नव्या फ्लॅटमध्ये: बाहेरची भिंत एकच (२.१ ऐवजी ०.३ वॅट), दुहेरी काच (४.८ ऐवजी १.४), हवा तासाला अर्धीच बदलते. लागतात २३५ वॅट! निरोपाला दोन्ही खोल्या सारख्याच.

'मग जास्तच मिळतंय की, बिघडलं कुठे?' खोक्यावरच्या आकड्यात. तो मोजलेला असतो पाणी सरासरी ७० अंश आणि खोली २० अंश धरून, म्हणजे ५० अंशांच्या फरकावर. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून नवी यंत्रणा ५५ अंशांच्या किंवा त्याहून कमी तापमानाच्या पाण्यावर चालेल अशी बसवायची असते. ५५ ने गेलेलं पाणी ४५ ने परतलं, तर फरक उरतो ३० अंशांचा, आणि रेडिएटर देतो जेमतेम निम्मं. आपले १,७४० वॅट झाले ९०० च्या आसपास; विटांच्या घरातली कोपऱ्याची खोली गारच. हीट पंपाचं (बाहेरची उष्णता विजेवर घरात खेचणाऱ्या यंत्राचं) पाणी ४५ ने जाऊन ४० ने आलं, तर एक तृतीयांशच हाती लागतं.

बिलाचं म्हणणं तर उलटंच आहे. खोली २१ अंशांवर ठेवायला किती उष्णता लागेल हे भिंती ठरवतात, रेडिएटरची रुंदी नाही. पृष्ठभाग मोठा असला की कोमट पाण्यावर भागतं. पाणी ५५ च्या बरंच खाली येऊन परतलं, की कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ निववून तिचीही उष्णता वसूल करतो. आमच्याकडे एका पॅनलचा काढून त्याच मापाचा दोन पॅनलांचा बसवला आणि बॉयलर ७० वरून ५५ वर आणला. खोली तेवढीच ऊबदार राहते. फक्त आई त्यावर ओले टॉवेल वाळत घालते तेव्हा नाही. ही सूचना निरोपात हवी होती.