वाटीमागे साडेतीन अक्षरे

लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर" हे वाक्य छापून घेतले, तेव्हा देण्याघेण्याचा अध्याय आपण एका ओळीत आटोपला, अशा समजुतीत मी होतो. बँकेत चौतीस वर्षे जमाखर्च पाहिलेल्या माणसाची समजूत अशीच असते: जमेची बाजू कोरी असेल, तर खर्चाच्या बाजूला काही लिहिण्याचे कारण नाही. पत्रिकांचे गठ्ठे घरी आले त्याच संध्याकाळी सौभाग्यवतींनी चहाचा कप पुढे ठेवत विचारले, "अहो, आणि रिटर्न गिफ्टचं काय ठरवलंय?" जे आणूच नका असे आपण लोकांना छापून कळवले आहे, ते परत कसे करायचे, हा माझा प्रश्न तर्कशुद्ध होता, त्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

आमच्या लहानपणी ही डोकेदुखी नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो; पण ते खरे नाही. मानपान होताच, फक्त त्याला हद्द होती. विहीणबाईंना साडी, व्याह्यांना आणि जवळच्या चार-सहा जणांना टोपी-उपरणे, सवाष्णींना खण-नारळ, आणि बाकीच्या मंडळींना दारातच अत्तराचे बोट, गुलाबपाण्याचा शिडकावा नि हातावर पेढा. मंडपाच्या एका कोपऱ्यात कोणी काका आहेराची वही घेऊन बसत आणि ११, २१, ५१ असे आकडे नावांसह उतरवून घेत. ती वही पुढे वर्षानुवर्षे जपली जाई, कारण समोरच्याकडे कार्य निघाले की तीत पाहूनच आपल्या पाकिटातला आकडा ठरे. म्हणजे परतफेड तेव्हाही होती, पण सवडीने. आता ती रोखीने, कार्यालयाच्या दारात, पाहुणा चपला शोधत असतानाच करावी लागते. वाढदिवसाला आलेल्या पोरांना जाताना पेन्सिल नि खोडरबर देण्याची जी टूम निघाली होती, तीच त्या पोरांबरोबर वाढून लग्नाच्या वयाची झाली असावी.

"काहीच देऊ नये," असा ठराव मी घरच्या बैठकीत मांडला. लोक जेवायला येतात, आशीर्वाद देतात, आइस्क्रीम दोनदा घेतात आणि सुखाने घरी जातात; त्यांच्या हातात आणखी एक पिशवी कशाला, असा माझा मुद्दा होता. ठरावाला अनुमोदन मिळेल अशी अपेक्षा ताईकडून होती. ताई म्हणाली, "नको देऊस. पण मागच्या वर्षी त्या नाशिकच्या लग्नात काही दिलं नव्हतं, तेव्हा परतीच्या बसमध्ये तू काय काय बोलला होतास, ते मला अजून पाठ आहे." ठराव बारगळला.

मग इतरांनी काय दिले होते हे पाहावे, म्हणजे निदान तेच तेच टळेल, असे ठरून मला माळ्यावर चढवण्यात आले. माळ्यावरच्या खोक्यांत आमच्या गोतावळ्याच्या पंधरा-वीस वर्षांच्या लग्नांचे संग्रहालय होते. जर्मन सिल्व्हरच्या सात कोयऱ्या निघाल्या. या धातूत तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी औषधालाही नसते. मात्र काळे पडण्याच्या बाबतीत त्या सातही कोयऱ्यांनी चांदीला मागे टाकले होते. प्लॅस्टिकच्या डबीतले पाच गणपती निघाले. देव हा परतभेटीचा सर्वांत चिवट प्रकार आहे, कारण तो टाकता येत नाही, कोणाला देता येत नाही आणि देव्हाऱ्यात जागा नसते. मग एखाद्या संध्याकाळी घरातला कर्ता पुरुष इकडेतिकडे पाहत नदीकाठच्या पिंपळाखाली जातो आणि हलक्या पिशवीने परत येतो. (मी गेलेलो नाही. मी फक्त ऐकले आहे.)

शिवाय ब्लाउजपिसांची एक स्वतंत्र ट्रंक होती. ब्लाउजपीस हे शिवण्यासाठी नसून फिरण्यासाठी असते, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळले. प्रत्येक टू बाय टूच्या घडीला सौभाग्यवतींनी टाचणीने चिठ्ठी लावली होती आणि चिठ्ठीवर देणारणीचे नाव, प्रसंग व साल होते, हेतू एवढाच की ते पीस फिरून तिच्याच ओटीत पडू नये. आमच्या शाखेतली ठेवींची खाती इतकी नीट नव्हती.

त्याच खोक्यांच्या तळाशी एक स्टीलची वाटी सापडली. जाड, बुडाशी जराशी चेपलेली, आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेली. घासून घासून बहुतेक अक्षरे गेली होती. उरले होते ते "…धा हिजकडून १२-५-७८". ही वाटी आईच्या भांड्यांतली, एवढे नक्की. पण धा कोण? सुधा, राधा, वसुधा की अनुराधा, यावर त्या रात्री जेवणे लांबली. ताईने पुण्यातल्या दोन आणि साताऱ्याच्या एका नातेवाइकाला फोन केले. ४५ वर्षांपूर्वी दिलेल्या वाटीवरून दोन गावांत त्या बाईंची आठवण निघाली, आणि त्याच माळ्यावरच्या सात कोयऱ्या कोणी दिल्या हे मात्र एकालाही सांगता आले नाही. खरे म्हणजे निर्णय तेव्हाच व्हायला हवा होता. पण बाजारहाट केल्यावाचून निर्णय झाला, असे आमच्या घरात मानत नाहीत.

लेकीच्या मनात तुळशीचे रोप होते. कल्पना शोभिवंत खरी. परंतु २०० कुंड्या कार्यालयात आणायच्या, त्यांना दोन दिवस पाणी घालायचे, आणि मग मुंबईच्या पाहुण्यांनी त्या मांडीवर घेऊन गाडीत बसायचे. शिवाय रोप जळाले तर बोल कोणाला? साधे झाड वाळले तर माणूस कुंडी धुऊन ठेवतो. तुळस वाळली तर तो पंचांग पाहतो. सोलापुरी नॅपकिनांचा जोड मला मनापासून पटला होता, कारण रोजच्या वापरातली आणि टिकाऊ अशी ती वस्तू आहे. ताई म्हणाली, "टॉवेल दुखवट्याला देतात." दुखवट्याला टोपीही देतात आणि लग्नातही देतात, हे मी निदर्शनास आणल्यावर तिने फक्त कपाळावर हात मारला.

तांबट आळीतही आम्ही जाऊन आलो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या त्या बोळात पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवली जात आली आहेत. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी तांब्यावर चकचकीत खळ्यांची नक्षी उठवणे, म्हणजे मठारणे, पाहत मी इतका वेळ उभा राहिलो की सौभाग्यवती दोन दुकाने पुढे जाऊन परत आल्या. मठारकामाचा एकेक पेला हातात धरावासा वाटे. किंमत ऐकून मात्र तो हळूच खाली ठेवावा लागे. २०० ने गुणल्यावर आलेला आकडा मी मनातच ठेवला.

इथे "२०० ने" हे सहज लिहून गेलो, पण हा आकडा ठरवण्यात एक अख्खा रविवार गेला होता. पाहुणे साडेतीनशे. भेट माणशी द्यायची की घरटी? घरटी, तर घर म्हणजे काय? सुनेशी अबोला असलेल्या आणि एकाच वाड्यात दोन चुली मांडलेल्या मावशी एक घर धरायच्या की दोन? एकट्या येणाऱ्या माझ्या बँकेतल्या मित्रांना पूर्ण भेट द्यायची का? "आमच्या शेजारच्यांना यायला जमलं नाही, त्यांचंही द्या," असे म्हणून हात पुढे करणाऱ्यांसाठी तरतूद किती? खानेसुमारीचे काम केलेला एक शेजारी मदतीला घेतला, तेव्हा कोठे १६५ घरे अधिक ३५ शिलकी, असा हिशेब बसला.

शेवटी बोहरी आळीत स्टीलच्या वाट्या पाहायला गेलो. फसवणूक होऊ नये म्हणून मी फ्रिजच्या दारावरचे एक लोहचुंबक खिशात घातले होते. तेही कोणाच्या तरी मुंजीतले रिटर्न गिफ्ट होते आणि त्यावर लंगोटीतला बटू होता. मी प्रत्येक वाटीला बटू लावून पाहत होतो. चौथ्या वाटीनंतर दुकानदार शांतपणे म्हणाले, "काका, त्यानं काय कळणार? ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी नि मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त. तुमचं चुंबक दोघांनाही धरत नाही." मी बटूला खिशात घातले आणि ३०४ च्या २०० वाट्या घेतल्या.

नाव घालणारा कारागीर पलीकडच्याच जिन्याखाली बसत असे. मांडीवर जाड फडके, त्यावर वाटी, हातात विजेवर टर्र करणारी लेखणी. तो आधी सगळी अक्षरे ठिपक्यांनी उभी करी आणि मग वाटी फिरवत एका दमात शिरोरेघ ओढी. लोंबकळणारी अक्षरे दोरीवर टांगल्यासारखी एका ओळीत येत. दर अक्षराला एक रुपया. "काना, मात्रा, अनुस्वार फुकट. जोडाक्षराला दीड," त्याने नियम सांगितले. सौभाग्यवतींना दोघांच्या नावांआधी "चि." आणि "चि. सौ. कां." हवे होते, मी तिथल्या तिथे गुणाकार करून उपाध्या रद्द करवल्या. फक्त दोन नावे आणि १८-२-२४ ही तारीख एवढेच चिठ्ठीवर लिहिले. लग्न आठ दिवसांवर आलेले, म्हणून चिठ्ठीच्या तळाशी "अर्जंट" असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पाच दिवसांनी दोन खोकी नि बिल घेऊन पोरगा घरी आला. बिल माझ्या हिशेबापेक्षा ७०० रुपयांनी जास्त होते. ७०० भागिले २००, म्हणजे वाटीमागे साडेतीन. नावे बरोबर मोजली होती, तारीख बरोबर मोजली होती. मग ही साडेतीन अक्षरे आली कोठून? खोके फोडून वाटी उजेडात धरली. लेकीचे नाव, जावयांचे नाव, तारीख, आणि त्यापुढे सुरेख वळणात, खाली दोन रेघांसह: "अर्जंट".

अ एक, र्जं दीड, ट एक. बिल चोख होते. फोन लावला, तेव्हा कारागीर म्हणाला, "साहेब, चिठ्ठीत होतं. खाली रेघा होत्या, म्हणून मला वाटलं महत्त्वाचं आहे. रेघांचे पैसे नाही लावले."

लेक हसून हसून जमिनीवर बसली. सौभाग्यवती हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला. घातलेले नाव पुसता येत नाही, पॉलिश केले तर वाटीवर ओरखड्यांचा पट्टा उठतो आणि नव्या वाट्यांना वेळ नव्हता. तेव्हा त्या शब्दावर बसेल एवढी "शुभविवाह" अशी सोनेरी चिकटपट्टी आणून आम्ही पाच जणांनी रात्री दोन वाजेपर्यंत २०० वाट्यांवर चिकटवली. वाटीत दोन पेढे, वर जाळीची पुरचुंडी. कार्यालयाच्या दारात सगळे हसतमुखाने घेऊन गेले; दोघांनी शेजारच्यांसाठी मागून घेतल्या.

चिकटपट्टी पहिल्या घासण्याला निघते, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

चौथ्या दिवशी साताऱ्याहून आत्याबाईंचा फोन आला. वाटी जड आहे, रोज वरणाला घेते, असे कौतुक झाले. मग आवाज खाली आला. "एक विचारू का रे? रागावू नकोस. घाई कसली होती?" मी चिठ्ठीची, रेघांची, जोडाक्षराच्या दराची सारी हकिकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बरं, बरं. असू दे. आजकाल कोणी काही म्हणत नाही."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्या लेकीच्या तब्येतीची चौकशी करत राहिल्या. जेवण जाते का, आंबट खावेसे वाटते का, जिने चढते का. नोव्हेंबरची १८ तारीख उलटली, आणि फोन बंद झाले.