मोरारजींबद्दल, जरा सविस्तर

आमच्या कराडच्या ग्रुपवर कालपासून माजी पंतप्रधान मोरारजी देसाईंवरून जुंपलीय. एकजण म्हणतो मराठी माणसावर गोळ्या घालणारा, दुसरा म्हणतो असा स्वच्छ माणूस परत होणे नाही, आणि बाकीच्यांना फक्त शिवांबूचे (ते स्वतःचं मूत्र प्यायचे, त्यावरचे) जोक आठवतात. मला राग आला म्हणून इथं लिहितोय.

गोळीबाराचं आधी. त्याला माफी नाही. जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करणार असं नेहरूंनी जाहीर केलं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणारे लोक रस्त्यावर आले आणि तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजींच्या पोलिसांनी माणसं मारली. समोरचा हक्काचं मागतोय हे यांना दिसलंच नाही, दिसली ती फक्त बेशिस्त. ५७ ला आपल्या साताऱ्यानं क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं आणि खुद्द काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण कराडातून कसेबसे निवडून आले, एवढी चीड होती.

माझ्या मते मोरारजींचा खरा दोष हाच, की स्वतःला घातलेले नियम त्यांनी सगळ्या जनतेला घातले. स्वतः पीत नव्हते, ठीक, पण गृहमंत्री असताना अख्ख्या मुंबई राज्यात दारूबंदी लावली आणि गावोगाव हातभट्ट्या पेटल्या. चीनच्या युद्धानंतर केंद्रात अर्थमंत्री म्हणून सोनं नियंत्रण आणलं, १९६३ पासून १४ कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर जुन्या कारागिरांच्या घरात आजपण तो विषय काढून बघा. देशाचं परकीय चलन वाचवायचं होतं हे कबूल, पण पिढ्यानपिढ्या तेच काम करणाऱ्या सोनारानं दुसऱ्या दिवशी काय खायचं याचा विचार कुणी केला? आत्महत्या झाल्या हो त्यात.

पण मग हेपण ऐका. १९४८ चा कूळकायदा आला तेव्हा महसूल खातं यांच्याकडंच होतं, आणि कुळांना मालक करणारी मोठी दुरुस्ती झाली १९५६ ला, म्हणजे गोळीबाराच्याच साली, हेच मुख्यमंत्री असताना. आमच्या घरची जमीन त्यातली आहे. जुन्या वळणाचा, कर्मठ म्हणून हिणवलेल्या या माणसाच्या काळात वाडेवाल्यांची जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, आणि ग्रुपवर शिव्या देणाऱ्या निम्म्या लोकांच्या सातबाऱ्यावरपण तोच इतिहास आहे.

७९ ला त्यांच्या सरकारवर अविश्वास ठराव मांडला तो आपल्याच यशवंतरावांनी, आणि मतदानाआधीच मोरारजींनी राजीनामा दिला. जनता पक्षातली भांडणं त्यांना मिटवता आली नाहीत, माणसं सांभाळणं त्यांना कधी जमलंच नाही.

तरीपण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती. आणीबाणीत हा माणूस ८० च्या घरात असताना दीड वर्षाच्या वर कैदेत होता. बाहेर आला, पंतप्रधान झाला, आणीबाणीची सगळी हत्यारं आयती हातात होती. वापरली नाहीत, उलट कायमची बोथट केली. आता नुसत्या अंतर्गत अशांततेच्या नावाखाली आणीबाणी लावता येत नाही, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी लागतो, आणि आणीबाणी असली तरी जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येत नाही. आयुष्यभर लोकांवर बंधनं घालणाऱ्यानं शेवटी सरकारचेच हात बांधले.

हुतात्म्यांचं देणं यानं फिटत नाही, फिटलं असं मी म्हणणारपण नाही. पण शिव्या लिहिताना हेपण लिहा एवढंच म्हणणं आहे. कमेंटमध्ये शिवांबूचे जोक टाकू नका, डिलीट करीन.